आधी नदीला विचारावे

ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात विश्वामित्र ऋषी आणि दोन नद्या यांचा एक संवाद आहे. विपाश आणि शुतुद्री या त्या नद्या. आजच्या भाषेत बियास आणि सतलज. रथ आणि गाड्यांचा तांडा घेऊन ऋषी काठावर येऊन पोहोचतात. पैलतीर गाठायचा असतो. पाणी मात्र भरभरून वाहत असते. ऋषी नद्यांना आज्ञा करीत नाहीत, आपल्या तपाचा धाकही घालीत नाहीत. ते त्यांची स्तुती करतात, आपण फार दुरून आलो आहोत असे सांगतात आणि रथाच्या आसाखालून वाहण्याची विनंती करतात. नद्या प्रथम आपला वेग आवरण्यास नाखूश असतात. पण अखेर त्या नमतात आणि तांडा सुखरूप पार होतो.

या संवादाला तीन हजारांहून अधिक वर्षे लोटली. त्याच विपाशेच्या काठी आज मे महिन्याच्या सुट्टीत देशभरातील पर्यटकांची रीघ लागते. कुलूजवळच्या पिरडी येथे रंगीबेरंगी राफ्टच्या रांगा लागलेल्या असतात. महाराष्ट्रातून, गुजरातेतून, बंगालमधून, तेलंगणातून कुटुंबेच्या कुटुंबे तेथे उतरतात. त्यांत प्रवास सवलतीवर आलेले बँक कर्मचारीही असतात आणि वर्षभर आवर्ती ठेवीत पैसे साठवून सहलीला निघालेले ग्राहकही. काठावर आल्यावर बहुतेकांच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो तो मात्र विश्वामित्राच्या प्रश्नापेक्षा निराळा असतो. आज पाणी कसे आहे, असे क्वचितच कोणी विचारतो. शेवटचा भाव किती, हे मात्र प्रत्येक जण विचारतो.

या दोन प्रश्नांमधील अंतर हाच खरा चिंतेचा विषय आहे. पहाडी नदीवरील साहसाला सुरक्षित करते ती माहिती आणि शिस्त. ती पुरविण्याची जबाबदारी व्यावसायिकाची आहे, तिच्यावर देखरेख ठेवण्याची शासनाची आहे; परंतु ती मागण्याची आणि तिचे मोल देण्याची जबाबदारी ग्राहकाची आहे. ग्राहक जे मागत नाही ते बाजार फार काळ पुरवीत नाही, हा व्यवहाराचा साधा नियम नदीकाठीही लागू पडतो.

पाश सोडणारी नदी

बियासचा उगम रोहतांग खिंडीच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर आहे. मनाली आणि कुलू ही गावे ओलांडून ती भुंतरला येते. तेथे मणिकर्णच्या बाजूने येणारी पार्वती नदी तिला मिळते. लारजीच्या परिसरात सैंज आणि तीर्थन यांचे पाणी तिच्यात येते. पुढे मंडी आणि कांगडा जिल्ह्यांतून वाहत ती पंजाबच्या मैदानात उतरते आणि हरिके येथे सतलजला मिळते. एकंदर प्रवास सुमारे ४७० किलोमीटरांचा. हिमालयातील नद्यांच्या मानाने हा प्रवास फार मोठा नाही. पण या नदीच्या वाट्याला आलेल्या कथा आणि इतिहास मोठा आहे.

महाभारताच्या आदिपर्वात वसिष्ठ ऋषींची कथा येते. पुत्रांच्या मृत्यूने शोकाकुल झालेल्या वसिष्ठांनी स्वतःला दोरांनी जखडून घेतले आणि या नदीत उडी घेतली. नदीने त्यांचे पाश सोडविले आणि त्यांना काठावर आणून ठेवले. म्हणून ती विपाशा. मनालीजवळ आजही वसिष्ठ नावाचे गाव आहे, ऋषींचे मंदिर आहे आणि गरम पाण्याची कुंडे आहेत. कथेतील नदी दयाळू आहे. मात्र कथेवर विसंबून पाण्यात उतरणाऱ्याने तिचा भूगोलही लक्षात घ्यावयास हवा.

मनाली सुमारे दोन हजार पन्नास मीटर उंचीवर वसलेले आहे आणि कुलू साधारण बाराशे ते तेराशे मीटरांवर. या दोन गावांत अंतर आहे अवघे चाळीस किलोमीटर. म्हणजे दर किलोमीटरला नदी सरासरी वीस मीटरच्या आसपास खाली उतरते. महाराष्ट्राच्या पठारावरून संथ वाहणारी गोदावरी किंवा कृष्णा पाहत वाढलेल्या माणसाला या उताराची कल्पना येणे कठीण. एवढ्या उतारावरून धावणारे गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उखडून टाकते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या थंडपणाची. मे महिन्यात काठावर ऊन असते, आंबट-गोड जर्दाळू झाडांना लागू लागतात. पण नदीत वाहणारे पाणी काही तासांपूर्वीचे बर्फ असते. अशा पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वास एकदम ओढला जातो, तोंडात पाणी शिरते आणि थोड्याच मिनिटांत बोटांतील पकड जाते. उत्तम पोहणाराही येथे असहाय होतो. शहरातील जलतरण तलावात मिळविलेले प्रावीण्य या ठिकाणी फारसे कामास येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. बर्फावर पोसलेल्या नदीला दिवसाची एक लय असते. पहाटे आणि सकाळी पाणी कमी असते. दिवसभर वरच्या डोंगरांवर ऊन तापते, बर्फ वितळते आणि ते पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार टळून जाते. सकाळी ज्या कोरड्या खडकावर बसून न्याहारी केली, तोच खडक संध्याकाळी पाण्याखाली असू शकतो. वर ढगफुटी झाली वा धरणाचे दरवाजे उघडले, तर या बदलाला दिवसाचा अवधीही लागत नाही. काही मिनिटे पुरतात.

खळाळाचे व्याकरण

राफ्टिंग हा खेळ बाहेरून पाहणाऱ्याला नुसता गोंधळ वाटतो. फेस, किंकाळ्या, उडणारे पाणी आणि त्यात हेलकावणारी रबरी नाव. प्रत्यक्षात त्याला काटेकोर व्याकरण आहे. नदीतील खळाळांची, म्हणजे राफ्टिंगवाले ज्यांना रॅपिड म्हणतात त्यांची, जगभर एक ते सहा अशी श्रेणी लावली जाते. पहिल्या श्रेणीत पाणी हलके उसळते. तिसऱ्या श्रेणीत लाटा मोठ्या, वाट अरुंद आणि नाव वळविण्यास कौशल्य आवश्यक. पाचवी श्रेणी निष्णात लोकांसाठीच, आणि सहावी ही जवळजवळ न उतरण्याजोगी. पर्यटकांसाठीचा बियासवरील नेहमीचा टप्पा पिरडीपासून झिरीपर्यंत, सुमारे चौदा किलोमीटरांचा आहे. त्यातील बहुतेक खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतील मानले जातात. याच टप्प्यात भुंतरला पार्वतीचा संगम येतो आणि नदीचे पाणी एकाएकी वाढते.

श्रेणी ही कायमची नसते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तोच खळाळ एप्रिलमध्ये सौम्य आणि जूनमधील वितळत्या बर्फाच्या पाण्यात उग्र असू शकतो. पाणी चढले की काही खडक बुडून लाटा सपाट होतात आणि काही ठिकाणी नवे भोवरे तयार होतात. आज नदी कशी आहे, हे कालच्या अनुभवावरून पुरते सांगता येत नाही. म्हणूनच राफ्टच्या मागच्या टोकाला बसलेला गाइड हा त्या सहलीतील सर्वांत महत्त्वाचा माणूस. तो पाण्याचा पृष्ठभाग वाचतो. जिथे पाणी गुळगुळीत होऊन फुगते तिथे खाली खडक आहे, जिथे दोन लाटांच्या मधून इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाट खालच्या दिशेला निमुळती होत जाते तिथे मार्ग मोकळा आहे, हे त्याला एका दृष्टिक्षेपात कळते. पुढे वल्हवा, मागे वल्हवा, थांबा, खाली बसा, या त्याच्या चार आज्ञा नावेतील सर्वांनी एकाच क्षणी पाळल्या तरच नाव सरळ राहते. साहसाचा हा खेळ वस्तुतः आज्ञापालनाचा खेळ आहे.

नावेतून पाण्यात फेकले गेल्यास काय करावे, हेही ठरलेले असते. पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवावेत, वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. उभे राहू पाहणाऱ्याचा पाय दोन धोंड्यांमध्ये अडकतो आणि मागून येणारे पाणी त्याला वाकवून बुडविते. कमरेएवढ्या पाण्यात माणसे बुडतात ती अशी. हे सर्व सांगण्यास दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे ज्या काठावर दिली जात नाहीत, तेथून माघारी फिरलेले बरे.

लाइफ जॅकेटचीही हीच कथा. ते केवळ अंगात असणे पुरेसे नाही. त्याचे पट्टे घट्ट बांधलेले असावेत आणि खांद्याशी धरून वर ओढले असता ते कानापर्यंत सरकता कामा नये. उन्हात वर्षानुवर्षे वाळलेला, फाटलेल्या कापडातून डोकावणारा फोम माणसाला तोलून धरीलच असे नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या २०१८ मधील साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचनांनी राफ्टिंगसाठी किमान वय चौदा वर्षे सांगितले आणि पोहता न येणाऱ्यांना तिसऱ्या श्रेणीपलीकडे नेऊ नये असेही बजावले. तरीही लहान मुलाला कडेवर घेऊन, एकदा बसूच द्या हो, असा आग्रह धरणारे पालक नदीकाठी दिसतात. त्यांना नकार देणारा व्यावसायिक गिऱ्हाईक गमावतो. होकार देणारा मिळवितो. बाजाराची घडी इथे उलटी बसलेली आहे.

शेवटचा भाव

ती उलटी का बसली, याचा विचार ग्राहकाने करावयास हवा. कुलूच्या खोऱ्यात राफ्टिंगचा हंगाम लहान असतो. दरवर्षी १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पावसाळ्यामुळे तो बंद ठेवला जातो. हिवाळ्यात गर्दी ओसरते. उरलेल्या महिन्यांत, त्यातही मे-जूनच्या काही आठवड्यांत, वर्षाचा संसार उभा करावा लागतो. नावा कर्ज काढून घेतलेल्या असतात. गाइड, वल्हेकरी, नाव टपावर बांधून परत आणणारा जीपवाला, काठावरचा चहावाला आणि मक्याची कणसे भाजणारी बाई, अशा अनेकांची चूल या पाण्यावर पेटते.

अशा ठिकाणी एक पर्यटक भाव पाडतो, दुसरा त्याहून पाडतो आणि शेजारच्याने तितक्यात नेले म्हणून तिसरा अडून बसतो. घासाघीस करण्यात गैर काही नाही. भारतीय गृहस्थाला ती शोभतेही. मात्र भाजीच्या भावात पाडलेले दोन रुपये आणि राफ्टच्या भावात पाडलेले दोनशे रुपये यांत फरक आहे. भाजीवाल्याचा नफा कमी होतो. राफ्टवाल्याचा नफा कमी झाला की तो कोठून तरी भरून काढावा लागतो. मग जुने जॅकेट आणखी एक हंगाम चालते. सोबत संरक्षणासाठी जाणारी लहान होडी रद्द होते. सहा जणांच्या नावेत आठ बसतात. परवानाधारक गाइडच्या जागी त्याचा शिकाऊ भाऊ येतो, किंवा तोच गाइड दिवसातील पाचवी फेरी थकल्या हातांनी मारतो. पावतीवर यातील काहीच दिसत नाही. ग्राहकाला वाटते, सौदा जिंकला. वास्तविक त्याने स्वतःच्या सुरक्षिततेचा एक एक भाग विकून टाकलेला असतो.

हिमाचल प्रदेश शासनाने २००५ साली राफ्टिंगची स्वतंत्र नियमावली केली. व्यावसायिकाची नोंदणी, गाइडची परीक्षा आणि साधनांची तपासणी यांची व्यवस्था उभी राहिली. मनाली येथील अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था १९६१ पासून पहाडी क्रीडांचे प्रशिक्षण देत आली आहे. म्हणजे ज्ञानाची वाण नाही आणि नियमांचीही नाही. वाण आहे ती नोंदणी आहे का, परवाना दाखवा, असे काठावर शांतपणे विचारणाऱ्या ग्राहकाची.

पाणी तेच, माहिती वेगळी

माहितीचे मोल किती असते, हे दोन नद्यांची तुलना केल्यास स्पष्ट होते. त्यातील एक महाराष्ट्रातील आहे.

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या नदीला एरवी खेळण्याजोगे पाणी नसते. भिरा येथील जलविद्युत निर्मितीनंतर सोडले जाणारे पाणी सकाळी ठरावीक वेळी नदीत येते आणि त्या पाण्यावर राफ्ट उतरतात. पाणी येण्याची वेळ गाइडला ठाऊक असते, गावकऱ्यांना ठाऊक असते, पर्यटकांनाही आदल्या दिवशी कळविलेली असते. धरणातून एकदम येणारा लोंढा, जो सर्वसाधारणपणे धोक्याचा मानला जातो, तोच येथे खेळाचा आणि रोजगाराचा आधार झाला आहे.

आता बियासकडे वळावे. ८ जून २०१४ या दिवशी हैदराबादमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीसाठी मनालीकडे निघाले होते. मंडी जिल्ह्यातील थलौट येथे, लारजी जलविद्युत प्रकल्पाच्या खालच्या बाजूस, सायंकाळी ते बसमधून उतरून नदीपात्रातील खडकांवर गेले. छायाचित्रे काढणे चालू होते. त्याच सुमारास धरणाचे पाणी सोडण्यात आले. काही मिनिटांत पात्र भरले आणि चोवीस विद्यार्थी व सहलीसोबतचा एक जण असे पंचवीस जण वाहून गेले. त्यांचे मृतदेह शोधण्याचे काम पुढे कित्येक आठवडे चालले.

हे विद्यार्थी कोणतेही साहस करीत नव्हते. ते राफ्टमध्ये बसलेले नव्हते, त्यांनी कोणतीही पैज लावली नव्हती. राफ्टमधील माणसाजवळ निदान जॅकेट, शिरस्त्राण आणि गाइड असतो. खडकावर उभ्या असलेल्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. कुंडलिकेत आणि बियासमध्ये सोडलेले पाणी एकाच स्वरूपाचे, विजेच्या चक्राला बांधलेले. एके ठिकाणी त्याची वार्ता सर्वांना होती. दुसऱ्या ठिकाणी ती त्या मुलांपर्यंत पोहोचली नाही.

हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि पुढे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कुटुंबाला वीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या निर्णयात उत्तरदायित्व कोणा एकाच्या माथी मारलेले नाही; वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य शासन या तिघांमध्ये ते विभागलेले आहे. सुरक्षितता ही साखळी असते आणि तिची प्रत्येक कडी आपापल्या वाट्याची उत्तरदायी असते, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. भोंगा वाजवावयाचा कोणी, फलक लावावयाचा कोणी, मुलांना पात्रात उतरू द्यावयाचे की नाही हे ठरवावयाचे कोणी, या प्रश्नांची उत्तरे घटना घडण्यापूर्वी निश्चित असावी लागतात.

बंदीने भागेल काय

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एक सूर उमटतो : हे खेळ बंदच करून टाकावेत. तो सूर समजण्याजोगा आहे. ज्यांची मुले गेली त्यांच्यापुढे दुसरे काही बोलणेही कठीण. तरीही शांतपणे विचार करता बंदीने प्रश्न सुटत नाही. गर्दी नदीपासून दूर जाणार नाही. ती जॅकेटशिवाय, गाइडशिवाय काठाच्या खडकांवर जाईल. खोऱ्यातील तरुणांचा सनदशीर रोजगार जाईल आणि चोरटा धंदा उरेल.

जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने, योग्य धोरण ठरेपर्यंत त्या राज्यातील राफ्टिंग व अन्य जलक्रीडा थांबविण्याचा आदेश दिला होता. ऋषिकेशच्या परिसरातील व्यवसायावर त्याचा मोठा आघात झाला. मात्र त्या आदेशाचा रोख खेळ संपविण्यावर नव्हता, नियम करविण्यावर होता. नियम झाले आणि गंगेवर पुन्हा राफ्ट उतरल्या. थांबणे आणि कायमचे बंद करणे यांतील हा भेद महत्त्वाचा आहे.

याच्या उलट सूरही ऐकू येतो : जोखीमच काढून टाकली तर साहसात उरले काय? या म्हणण्यातही तथ्य आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्यांनी तारुण्याचे दिवस घालविले त्यांना ते लगेच पटेल. नदीच्या पाण्यात भीतीचा एक अंश असतो आणि ती भीती ओलांडल्याचा आनंद माणसाला आतून मोठे करतो. कार्यालयाच्या चार भिंतींत वर्ष काढलेला, फाइलींच्या ढिगाआडून जग पाहणारा माणूस त्या चौदा किलोमीटरांत स्वतःला पुन्हा भेटतो. हा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. परंतु निसर्गाने आणलेली जोखीम आणि निष्काळजीपणाने निर्माण केलेली जोखीम या दोन भिन्न गोष्टी आहेत. लाटेचा तडाखा ही पहिल्या प्रकारची जोखीम. तुटका पट्टा ही दुसऱ्या प्रकारची. पहिलीला सामोरे जाणे याचे नाव साहस. दुसरी स्वीकारणे याला मराठीत अविचार असा नेमका शब्द आहे.

बँकेच्या परिभाषेत

बँकिंगशी संबंधित व्यक्तीला हा भेद निराळा समजावून सांगण्याची गरज पडू नये. जोखीम शून्यावर आणणारी बँक कोणालाच कर्ज देऊ शकणार नाही आणि जोखीम न मोजणारी बँक फार काळ टिकणार नाही. जोखीम ओळखावी, मोजावी, पेलवेल तेवढीच घ्यावी आणि उरलेलीसाठी तरतूद करावी, हे सूत्र कर्जखात्याला जितके लागू आहे तितकेच नदीलाही. आपला ग्राहक ओळखा, असे बँक कर्मचाऱ्याला सांगितले जाते. पर्यटकाने नदी ओळखावी आणि नावही ओळखावी.

काही गोष्टी तर थेट बँकेच्या कामाशीच निगडित आहेत. सहलीला निघण्यापूर्वी वैयक्तिक अपघात विम्याची पॉलिसी एकदा वाचावी. अनेक पॉलिसींच्या अटींत साहसी आणि धोकादायक क्रीडाप्रकार वगळलेले असतात. त्यांच्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ज्या विम्याच्या भरवशावर माणूस निर्धास्त असतो, तो नेमका त्या चौदा किलोमीटरांपुरता निद्रिस्त असण्याची शक्यता असते. राफ्टिंग व्यावसायिकाने ग्राहकांसाठी विमा उतरविला आहे का, हेही विचारावे. ज्या कागदावर घाईघाईने सही घेतली जाते तो वाचून मगच सही करावी. धनादेशावर न वाचता सही न करणारी माणसे नदीकाठी मात्र कशावरही सही करतात.

पहाडी भागातील शाखांवर याहून मोठे दायित्व आहे. राफ्ट, जीप, तंबूंची वसाहत यांसाठी तेथील तरुण कर्ज मागावयास येतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेने लहान व्यावसायिकांना ही वाट अधिक मोकळी करून दिली. प्रस्ताव तपासताना परतफेडीची क्षमता पाहिली जाते, तशीच नोंदणी, गाइडचा परवाना, साधनांचे वय आणि विमा हेही पाहिले गेले, तर शाखेतील एक टेबल नदीवरील एका सुरक्षा चौकीचे काम करील. नवी जॅकेटे आणि शिरस्त्राणे घेण्यासाठी दिलेले लहानसे कर्ज हे त्या खोऱ्यातील उत्तम कर्जांपैकी एक ठरेल. व्यवसाय कोठे उभा आहे, हेही पाहावे. जुलै २०२३ मध्ये बियासला आलेल्या महापुराने कुलू आणि मंडी जिल्ह्यांत रस्ते, पूल आणि इमारती वाहून नेल्या, चंडीगड-मनाली महामार्ग ठिकठिकाणी तोडला. नदीच्या पात्राला लागून उभारलेले उपाहारगृह हे तारण म्हणून कागदावर कितीही भक्कम दिसले, तरी नदीच्या खात्यावर ती जागा जुन्या काळापासून तिचीच असते. ती केव्हा वसुलीला येईल याची नोटीस ती देत नाही.

माघारीचे धैर्य

साहसाच्या शिकवणीतील सर्वांत अवघड धडा माघारीचा आहे आणि तोही बियासच्याच काठी शिकता येतो. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये जग जिंकावयास निघालेल्या अलेक्झांडरचे सैन्य या नदीपर्यंत आले. ग्रीक लोक तिला हिफासिस म्हणत. वर्षानुवर्षांच्या मोहिमांनी थकलेल्या सैनिकांनी पुढे जाण्यास नकार दिला. अलेक्झांडर रुसला, तंबूत बसून राहिला. पण अखेर त्याने काठावर बारा वेदी उभारल्या आणि तो मागे फिरला. त्याच्या पराक्रमाची सीमारेषा या नदीने आखली.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि अधिक अनुकरणीय आहे. १९५३ मध्ये एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे एडमंड हिलरी यांनी १९७७ मध्ये गंगासागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध जेट बोटींची मोहीम काढली. समुद्रापासून हिमालयापर्यंत नदीनेच जाण्याचा तो संकल्प होता. नंदप्रयागजवळ एका धबधब्याने बोटींची वाट अडविली. हिलरींच्या चमूने तेथे हट्टाने जीव पणाला लावला नाही. बोटी सोडून ते पायी पुढे निघाले. पुढे उंचीवर हिलरी स्वतः आजारी पडले, तेव्हा त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणण्यात आले. जगातील सर्वोच्च शिखर सर करणाऱ्या माणसाला नदीचा नकार ऐकून घेण्यात कमीपणा वाटला नाही.

मग चार दिवसांच्या सहलीवर आलेल्या पर्यटकाला तो का वाटावा? पैसे भरले आहेत, मुले हट्ट करीत आहेत, सोबतची मंडळी नावेत बसली आहेत, परत केव्हा येणार, या चार कारणांनी माणसे नको त्या दिवशी, नको त्या नावेत बसतात. पाणी गढूळ आणि चढते दिसले, गाइडने सूचना देण्याचे टाळले, जॅकेटचा पट्टा तुटका निघाला, तर भरलेले पैसे सोडून देऊन काठावर चहा घेत बसणे यातही एक धैर्य आहे. त्याची छायाचित्रे कोणी काढीत नाही आणि कार्यालयात परतल्यावर त्याची वर्णने कोणी सांगत नाही. पण घरी सर्व माणसे परततात.

विश्वामित्राने नद्यांशी केलेला संवाद ही एका शहाण्या प्रवाशाची रीत आहे. त्याने नदीचा मान राखला, तिचे म्हणणे ऐकले आणि पाणी आसाखाली आल्यावरच गाड्या पाण्यात घातल्या. आजचा पर्यटक मंत्र म्हणत नसला तरी त्याच्याजवळ विचारण्याजोगे प्रश्न आहेत : पाणी आज कसे आहे? वर धरण आहे का आणि ते केव्हा सुटते? गाइडचा परवाना कुठे आहे? जॅकेट नीट बसते का? चार प्रश्न, पाच मिनिटे. उत्तरे समाधानकारक मिळाली तर सांगितलेला भाव आनंदाने द्यावा आणि मनसोक्त वल्हवावे. बियास अशा प्रवाशाला आजही पैलतीरावर पोहोचविते.